आत्याचं नाक

मागणीच्या फॉर्मवरचा रकाना अरुंद आणि माझं अक्षर ऐसपैस. ‘धूर ओढून घेणारे यंत्र’ त्यात मावेना, म्हणून मी ‘धुराचे यंत्र’ एवढंच लिहिलं आणि सही घेऊन मोकळा झालो. तीन महिन्यांनी खोकं आलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात फोडलं, तर आतून डास मारायला धूर सोडतात ते मशीन निघालं. खांद्याचा पट्टा, लांब नळी, सगळं कसं व्यवस्थित.

आत्यानं ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “भाच्या, आपल्याकडे धूर कमी पडत होता होय रे?”

आत्या म्हणजे आमच्या थिएटरची मुख्य सिस्टर. उठता-बसता चुका काढायची म्हणून सगळ्यांची आत्या; मी मशिनं सांभाळणारा, सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत चुकणारा, म्हणून भाचा.

हल्ली डॉक्टर विजेची सुरी वापरतात. तिनं रक्त जागच्या जागी थांबतं, पण मांस जळतं आणि धूर होतो. मोठ्या दिव्याखाली तो निळसर धागा वर चढतो, डॉक्टरांच्या टोपीपाशी थबकतो आणि मग हिरव्या कापडांवर धुक्यासारखा उतरतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी भान हरपून उभाच राहिलो. आत्यानं कोपर मारलं.

“दिसायला गोड आहे, छातीला नाही. आपले हे मास्क त्याला जुमानत नाहीत.”

पण तिलाही त्याचा मोह होताच. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये त्या धुरात तिला कधी नदी दिसे, कधी माहेरचं अंगण आणि त्यात वाळत घातलेलं आईचं लुगडं. हात मात्र झोपेत चालल्यासारखे अचूक चालत. डॉक्टरांनी मागायच्या आत चिमटा पुढे.

अशी सव्वीस वर्षं. घरी गेली की नवरा दारातच म्हणायचा, “आलीस का भाजून?” मग ती दोनदा केस धुवायची. गेल्या वर्षी शेगडीवरचं कालवण करपून कोळसा झालं, नवरा अंगणातून धावत आला, आणि ही शेजारीच भाजी निवडत बसलेली. नाक गेलं होतं. धुरानं की वयानं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. खोकला मात्र छातीत घर करून बसला होता. महिनाअखेर थिएटर सोडायचं, असं त्यांनी लिहूनच दिलं.

जायचं तिला दुःख नव्हतं. पण हाताखालच्या सिस्टरला दिवस गेले होते, आणि आत्यानंतर मशीनसाठी हटून बसणारं कुणी नव्हतं. मोठे डॉक्टर माणूस चांगला, पण ‘इतकी वर्षं कुठे काय झालं?’ हे त्यांचं पालुपद. ती असतानाच मशीन सुरू झालं नाही, तर मागणीचा कागद पुन्हा ढिगाच्या तळाशी जाणार होता. आणि तो तिथे माझ्या ऐसपैस अक्षरामुळे जाणार होता.

मी भांडारात रोज धरणं धरलं, डासांचं मशीन खांद्यावर घेऊनच. शेवटी कंटाळून त्यांनी योग्य ते मागवलं. ते शिकायला मला एका शनिवारी बाहेर जावं लागलं, तेव्हा माझी पाळी आत्यानं केली, स्वतःची सुट्टी मोडून.

तिच्या शेवटच्या आठवड्यात मशीन टेबलाशेजारी उभं राहिलं. नळीचं तोंड सुरीपासून दोन बोटांवर.

“ही काय घरघर?” मोठे डॉक्टर वैतागले. “मला माझे विचार ऐकू येत नाहीत.”

“तुमचे विचार आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, डॉक्टर. आज मशीनचं ऐका.”

टेबलावर एक म्हातारे घड्याळजी होते, कमरेखाली बधिर, वर जागे. असे जागे पेशंट हटकून विचारायचे, “सिस्टर, काहीतरी करपतंय का?” आपलंच मांस आहे हे कसं सांगणार? आत्या म्हणायची, शेजारी दूध उतू गेलंय. आज ती स्वतःच वाकली. तिच्या नाकाचा काय भरवसा?

“काका, कसला वास येतोय?”

डॉक्टरांचा हात थांबला. काका डोळे मिटून बराच वेळ कुठेतरी तरंगत राहिले.

“साबणाचा. तुमच्या हातांना येतोय. आणि पाण्याचा... मी पोहत होतो बहुतेक.”

“जळकट काही?”

“नाही बुवा. का, काही लागलं का तळाला?”

“नाही काका. पोहा तुम्ही.”

सुरी पुन्हा चालू झाली. निळा धागा वर उठला, जरासा गोंधळला आणि नळीत शिरून नाहीसा झाला. पलीकडे हाताखालच्या सिस्टरनं पोटावरचा हात काढून कात्री उचलली. डॉक्टर त्या नळीकडे बघत राहिले.

“उद्यापासून,” ते म्हणाले, “हे चालू झाल्याशिवाय माझ्या हातात सुरी द्यायची नाही. मी मागितली तरी.”

“तुमच्याच अक्षरात लिहून द्या,” आत्या म्हणाली. “भाच्याच्या नको.”

आता ती हॉस्पिटलच्याच धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत कामाला असते, पांढऱ्या गठ्ठ्यांमध्ये, ढगात बसल्यासारखी. खोकला आहे, पण लांबून येतो. परवा मी म्हटलं, “आत्या, तुमचा शनिवार फेडायचाय. सांगा, कधी येऊ?”

“ही खोली शनिवारी बंद असते रे,” ती चादरीची घडी घालत म्हणाली. “ठेव तुझ्याकडेच.”