अक्कांची पाण्याची अट

धुळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का, दारात आलेल्या कुणालाही आधी पाण्याचा तांब्या देत आणि म्हणत, "पयले पानी पी, मंग खोटं बोल." दूधवाला, कुरिअरवाला, सख्खा जावई, सगळ्यांना हेच. पहिल्या भेटीत मलाही. मला रागच आला होता.

"मन्हं नही ते," त्या वाक्याबद्दल त्या नंतर म्हणाल्या. "पुस्तकमानी म्हतारी म्हने."

अक्का नव्या नवरी होत्या तेव्हाची गोष्ट. शिंदखेड्याच्या सासरी बायका पापड लाटायच्या आणि शिकलेली नणंद कादंबरी वाचून दाखवायची. गोष्टीत हार चोरीला जातो, घरची म्हातारी एकेकाला समोर बसवून विचारते. गोष्टीत संशय सुनेवर आला आणि तेवढ्यात नणंदेचं लग्न झालं, वाचन तिथेच थांबलं. पुस्तक तिच्याबरोबर गेलं, पुढे तीही वारली. अक्कांना अक्षरओळख नव्हती.

"वाचतांना मन्हाकडेच देखे ती." त्यानंतर घरात वाटी जरी हरवली तरी बायका अक्कांकडे बघत. "सून चोर व्हती का, तेवढं माले कळू दे, माय."

मी कामाला लागले. आधी वाचनालयं, मग रद्दीवाले. पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, हाताशी फक्त ते वाक्य. दर रविवारी अक्का माझा चेहरा निरखत. "तुले सापडनं शे. तू सांगत नही." मला मात्र वाटू लागलं होतं, असं पुस्तक नसेलच.

जळगावच्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल बाई वाक्य ऐकून हसल्या. "अशी म्हातारी आहे एका रहस्यकथेत. पण ती म्हणते, 'आधी पाणी घ्या, मग खरं सांगा.'" त्यांनी पुस्तक काढून दिलं. परतीच्या एसटीत मी ते संपवलं. हार होता, तांब्या होता. चोर घरचा मुनीम. सुनेवर अख्ख्या पुस्तकात कुणी संशयच घेत नाही. म्हणजे तेवढा भाग नणंद समोरच्या नवरीकडे बघून रचत होती.

गेलेल्या बाईवर आता नवा संशय कशाला? मी अक्कांच्या हातात पुस्तक दिलं. "चोर मुनीम होता, अक्का. सून नव्हती."

"मंग नणंद मन्हाकडे का देखे?"

"सहज बघत असेल."

अक्कांनी माझा चेहरा निरखला. मग तांब्या पुढे सरकवला. "पयले पानी पी."

मी प्यायले. त्या पुस्तकावरून हात फिरवत बसल्या होत्या. उरलेलं अर्धं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही.