म्हशींच्या मागून शाळेला

आमच्या गल्लीतली दोन माणसं कुठंही भेटली, लग्नात म्हणा, दवाखान्याच्या बाकावर म्हणा, की गुडघ्यांची आणि नातवंडांची चौकशी संपते न संपते तोच हिराक्काचा विषय निघतो. एकजण एक किस्सा सांगतो, दुसरा त्यावर आणखी एक चढवतो. हिराक्का जाऊन कितीतरी वर्षं झाली, किस्से मात्र वाढतच चाललेत. त्यातले काही घडलेसुद्धा नसतील. म्हणून मी आपली माझ्या डोळ्यांसमोर घडलेलेच सांगते.

हिराक्का मूळची कोडोलीची. नवरा गेल्यावर दोन म्हशी घेऊन ती शिवाजी पेठेत, आमच्या गल्लीत, भावाच्या जागेत येऊन राहिली. सकाळी घरोघर दूध घालायचं आणि मग म्हशी रंकाळ्यावर धुवायला न्यायच्या, हा तिचा क्रम. आमची शाळा त्याच वाटेवर होती.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. गल्लीतल्या वसंताला शाळेला जाताना टांग्याचा धक्का बसला आणि त्याचा पाय मोडला. सगळ्या आयांनी धास्ती घेतली. मुलींचं शाळेला जाणं तर बंदच व्हायची वेळ आली. पुरुष कचेरीला, बायका चुलीपाशी. मुलांना पोचवणार कोण?

आमच्या दारात दूध मापता मापता हिराक्का म्हणाली, "मी जातोयच की रोज. लावून द्या माझ्यासंगं." आमच्याकडं खेड्यातल्या बायका स्वतःला 'जातो, येतो' असंच म्हणायच्या. आईनं विचारलं, एवढी पोरं आणि वर दोन म्हशी, तुम्ही सांभाळणार कसं?

"म्हशी हायत म्हणूनच नेतो," ती म्हणाली. "टांगेवाला पोराला बघून थांबत न्हाय वहिनी, म्हशीला बघून थांबतोय."

०

झालं. दुसऱ्या दिवसापासून पुढं दोन म्हशी, मधे जोडीजोडीनं आम्ही, आणि मागं काठी घेऊन हिराक्का, अशी आमची वरात निघायला लागली. टांगे खरंच थांबायचे.

थंडीत मात्र निराळीच पंचाईत व्हायची. उसानं भरलेल्या बैलगाड्या त्याच रस्त्यानं गुऱ्हाळाकडं जायच्या, आणि मुलं धावत जाऊन मागून ऊस ओढायची. हिराक्का ओरडायची, धपाटे घालायची, पण उसापुढं धपाट्याचं काय चालणार? एकदा वसंता, तोच तो पाय मोडलेला, चाकाखाली जाता जाता वाचला. हिराक्कानं त्याला बखोटीला धरून बाजूला केलं. ती तडक पुढं गेली आणि बैलांसमोर उभी राहिली. गाडीवान चिडला. आम्हाला वाटलं, आता मोठं भांडण होणार.

पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "पावणं, ही पोरं ऊस काढायची थांबणार न्हाईत. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. तवा तुमीच थांबा की."

गाडीवान तिच्याकडं बघतच राहिला. मग खाली उतरला आणि त्यानं स्वतःच दोन ऊस उपसून दिले. पुढं तो रोज आमच्यासाठी गाडी थांबवायचा. हिराक्का गुडघ्यावर ऊस मोडून कांडं वाटायची, आणि वर्गात प्रार्थना म्हणताना आमच्या गल्लीतल्या एकाचंही तोंड रिकामं नसायचं.

०

गल्लीच्या तोंडाशी एका वकिलांचं घर होतं. त्यांचा श्रीधर टांग्यानं शाळेला जायचा. सदा सर्दी, गळ्याला मफलर, आणि खाण्याच्या नावानं रड. एकदा टांग्याचा घोडा लंगडायला लागला, म्हणून नाइलाजानं त्याला आमच्यात सोडलं. पहिल्या दिवशी तो रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं मफलर म्हशीच्या शिंगाला बांधला. आठवड्यात घोडा बरा झाला, पण श्रीधर काही टांग्यात चढेना.

एका संध्याकाळी वकिलीणबाई घाबऱ्याघुबऱ्या हिराक्काकडं आल्या. श्रीधर दोन भाकरी खाऊन तिसरी मागत होता. "माझ्या मुलाला काय औषध दिलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

हिराक्का शेण गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "काय न्हाय. चालवलं निस्तं."

०

शाळा तपासायला साहेब यायचे होते. शाळेत रांगोळ्या, हार, सगळी तयारी. साहेबांचा टांगा नेमका आमच्या मागं अडकला. रस्ता अरुंद, म्हशी निवांत. साहेब वैतागून खाली उतरले आणि पायीच पुढं निघाले. अंगात कोट, डोक्याला टोपी, हातात काही नाही.

हिराक्काला ते कोण आहेत हे माहीत असायचं कारणच नव्हतं. तिनं त्यांना हाक मारली. म्हणाली, "पावणं, मोकळ्या हातानंच चाललाय न्हवं? मग ह्या दोघास्नी धरा जरा."

शाळेच्या फाटकात हेडमास्तर हार घेऊन उभे होते. त्यांना आधी म्हशी दिसल्या, मग आम्ही, आणि मग दोन्ही हातांना पहिलीतली एकेक पोर घेऊन येणारे साहेब. हार घ्यायचा तर साहेबांचा हात मोकळा नव्हता, कारण धाकटी त्यांचं बोट सोडायलाच तयार नव्हती.

०

आता हा शेवटचा किस्सा. हा आमच्या घरातला आहे.

माझी थोरली बहीण कुसुम तेव्हा सातवीत होती. हुशार होती, फायनलच्या, म्हणजे सातवीच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेची तयारी करत होती. तेवढ्यात तिला इचलकरंजीचं स्थळ आलं आणि ठरलं. लग्न वैशाखात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा कचेरीत कारकून होते, बोलायला मोजके. ते म्हणाले, आता शाळा पुरे.   कुसुमताईनं पाटी-पुस्तकं फळीवर ठेवली आणि ज्वारी निवडायला बसली.

सकाळी हिराक्कानं नेहमीसारखी हाक दिली. मी एकटीच बाहेर आले आणि तिला काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण जागची हलली नाही. सगळी रांग दारात उभी. दादा बाहेर आले आणि म्हणाले, निघा आता. ती म्हणाली, कुसुम आली की निघतो. त्या दिवशी आम्हाला शाळेत उशीर झाला, आणि सगळ्यांना छड्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. आता शेजारपाजारचे उंबऱ्यात येऊन बघायला लागले होते. दादांना कचेरीला जायचं होतं, पण दारात म्हशी उभ्या. सायकल बाहेर काढायला जागा नव्हती.

"हिराक्का," दादांचा आवाज चढला, "लग्न ठरलंय तिचं. वैशाखात आहे. कळतंय ना?"

"कळतंय की," ती म्हणाली. "वैशाख लांब हाय. आज बुधवार हाय."

 एवढ्यात आतून फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. कुसुमताई दारात आली. एक वेणी घातलेली, दुसरी अर्धी सुटलेली, खांद्याला पिशवी. ती दादांकडं बघत उभी राहिली.

पुढं ती फायनलला बसली, पास झाली, वैशाखात लग्नही झालं. ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी दादांनी सायकल भिंतीला टेकवली, कॅरिअरला लावलेला आपला जेवणाचा डबा सोडला, आणि तिच्या पिशवीत ठेवला.

हिराक्कानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. आम्ही निघालो.