तळाचा बोल्ट

सर्व्हिसिंगहून गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल काळंकुट्ट. मेकॅनिक तर म्हणाला होता, "ताई, ऑइल नवीन टाकलं." याच मोटरसायकलवर मी नागपूरहून रोज मौद्याला शाळेत शिकवायला जाते. त्या दिवसापासून इंजिनाचा प्रत्येक आवाज मला खोटा वाटू लागला.

रविवारी कुहीहून भाऊ आला. ट्रॅक्टरची सगळी कामं तो घरीच करतो. त्याला म्हटलं, "मले ऑइल बदलणं शिकव."

"काहून वं, मेकॅनिकवर भरोसा नाही का?"

"नाही."

त्याने आधी गाडी थोडा वेळ सुरू ठेवायला लावली, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. मग खाली जुनं घमेलं ठेवून मी पान्याने तळाचा बोल्ट सोडला. डांबरासारखी धार पडली.

"हे नवं नाही," भाऊ म्हणाला. "तुले फसवलं त्यानं."

मला चक्क बरं वाटलं.

मी बोल्ट परत लावत असताना तो ओरडला, "जास्त आवळू नको, आटे जातील!" मी हात आवरला. नवीन डब्याचं सील नीट तपासून ऑइल ओतलं.

तो गेल्यावर वाटलं, हात जरा लवकरच आवरला का? रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी तो कोरडा होता. तरी शाळेत पोचल्यावर, मुलं बघत असताना, मी वाकून इंजिनाखाली बोट फिरवलं. नुसती धूळ लागली. दुसऱ्या दिवशीही मी वाकलेच.