भूल देताना ऐकलेलं

रुग्णालयातल्या मावश्या त्यांना ‘झोपेच्या बाई’ म्हणत. बाई डॉक्टरच होत्या, भूल देणाऱ्या. पण ‘भूलतज्ज्ञ’ हा शब्द मावश्यांच्या तोंडात बसेना, आणि बाईंनाही त्यातला ‘तज्ज्ञ’ दुसऱ्याच्या मापाने शिवल्यासारखा वाटे. त्यांच्या आईने तर एकदा जेवताना विचारलं होतं, “म्हणजे तू नेमकं करतेस काय गं? अंगाई म्हणतेस?” सगळे हसले. बाईही हसल्या, पण मनात म्हणाल्या, आईने बरोबर ओळखलं.

ऑपरेशनच्या खोलीला फिकट हिरव्या भिंती होत्या. दिव्याच्या उजेडात कशाचीच सावली पडत नसे, आणि यंत्राचा संथ आवाज चालू असला की खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटे. बाई माणसाच्या उशाशी बसत, शिरेतून औषध सोडत, हळू बोलत राहत. माणूस विरघळत जाई. जाता जाता लोक काहीबाही बोलत. “नदी आत येतेय, चपला उचला,” असं एक शिक्षक म्हणाले होते. एका आजींनी गॅस बंद करायला सांगितला. बाई सगळ्यांना “हो, करते” म्हणत.

इतक्या वर्षांत त्यांनी झोपवलेला प्रत्येक माणूस जागा झाला होता. त्यांना मात्र तो योगायोगच वाटे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कधीतरी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेल, कुणीतरी आत येईल आणि अगदी सौम्य आवाजात म्हणेल, “उठा आता. खरी डॉक्टर आली.” आणि आपण मुकाट्याने उठू, असं त्यांना वाटे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, “दमलीयस तू.” म्हणून सांगणं सोडून दिलं होतं.

अशात मोठ्या सरांच्या पित्ताशयात खडे झाले. सर म्हणजे तिथले सर्वांत नावाजलेले सर्जन. त्यांचा हात थरथरलेला कुणी पाहिला नव्हता, आणि त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळे. ऑपरेशन त्यांचे सहकारी करणार होते. भूल कोण देणार, असं विचारल्यावर सर म्हणाले, “झोपेच्या बाई.”

बाईंना वाटलं, आता आपलं पितळ उघडं पडणार! त्या सकाळी त्यांनी सगळी यंत्रं तपासली, मग तपासलेली पुन्हा तपासली.

टेबलावर आडवे झालेले सर एकदम लहान दिसत होते. बाईंनी औषध सोडलं. सरांच्या पापण्या जड झाल्या, ओठ हलले.

“बाई, कुणाला सांगू नका हं,” ते पुटपुटले. “मला येत नाही यातलं काही. अजून कुणी पकडलं नाही, एवढंच.”

आणि ते झोपले.

बाईंनी मान वर केली. पलीकडे उभ्या सिस्टरनेही ते ऐकलं होतं. मास्कच्या वर दोघींची नजर भेटली. सिस्टरने नुकतीच मोजून झालेली हत्यारं पुन्हा मोजायला घेतली. तेव्हा बाईंना वाटलं, हीसुद्धा आपल्यातलीच! मग त्या सरांच्या उशाशी बसून राहिल्या. सर श्वास घेत होते, यंत्र संथ बोलत होतं, आणि त्या हिरव्या उजेडात सगळीच माणसं एकाच पाण्यात तरंगत असल्यासारखी दिसत होती.

दुपारी सर शुद्धीवर आले.

“मी काही बोललो का हो?”

असं विचारणाऱ्या प्रत्येकाला बाई सांगत, “छे, शहाण्यासारखे झोपलात.” या वेळी ते तोंडातून निघेना.

“बोललात. म्हणालात, मला येत नाही यातलं काही.”

सर छताकडे बघत राहिले. “मग?”

“मग काय! मी रोज म्हणते. मनात. भूल न घेता.”

सरांना हसू फुटलं आणि लगेच त्यांनी पोट धरलं. “हसवू नका, टाके दुखतात. तुम्हीपण? तुम्ही उशाशी असलात की मला धीर येतो, बाई. म्हणून तर तुम्हाला मागितलं.”

“आणि तुम्ही समोर असलात की मला.”

“म्हणजे आंधळ्याने आंधळ्याचा हात धरलाय.” सरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “ऑपरेशनआधी मी नळाखाली किती वेळ हात धुतो, पाहिलंयत ना? लोकांना वाटतं, काय ही स्वच्छता! आत जायचं धाडस होत नसतं, म्हणून धूत बसतो.”

“कधी जातं हे, सर?”

“माझं गेलं की कळवतो.”

एवढं बोलून ते पुन्हा झोपी गेले, या वेळी आपले आपण. बाई थोडा वेळ तिथेच खुर्चीवर बसल्या. पडद्यातून ऊन येत होतं. त्यांना मोकळं वाटत होतं, आणि थोडी गुंगीही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक म्हातारे सुतारकाका होते. त्यांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं. “पोरी, तुला येतं ना गं नीट?”

भीती तिथेच होती, कुठे गेली नव्हती. तरी बाई म्हणाल्या, “येतं, काका.”

काकांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटले. झोपेत शिरता शिरता ते कुणाला तरी फळी सरळ धरायला सांगत होते.

“धरलीय,” बाई म्हणाल्या.