चहाच्या ग्लासाची नक्कल

बोईसरच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत फॅक्स मशीनवर विश्वास न ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता. आम्ही त्यांना ट्रेसरकाका म्हणायचो. मुंबईच्या एका कंपनीत तीस वर्षं त्यांनी इंजिनिअरांच्या ड्रॉइंगवर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून रेघन् रेघ शाईने उतरवली होती. रिटायर होऊन चिंचणीच्या घरी आले, चार दिवस चिकूच्या वाडीत बसले आणि पाचव्या दिवशी माझ्या दारात उभे राहिले. "शेट, रेघ मारायची सवय लागलीय. घरात कुटं मारू?"

माझा त्यांच्यावरचा राग तिथूनच सुरू होतो. मी हेल्परचा वेल्डर आणि वेल्डरचा मालक झालेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. मी पगार मुद्दाम कमी सांगितला. आता ते वाढवून मागतील, मी ओरडेन, ते उठून दारापर्यंत जातील, मी परत बोलावीन, असा सगळा बेत मनात तयार होता. काका म्हणाले, "बरं." आणि टेबल पुसायला लागले. बंद समजून दाराला जोरात खांदा द्यावा आणि ते उघडंच निघावं, तसा मी तोंडावर पडलो. पुढे मीच स्वतःहून पगार वाढवला, तोही चिडून.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर टोपी काढल्याशिवाय ते पेनला हात लावत नसत आणि रेघ सुरू असताना श्वास घेत नसत. लांब रेघ असली की आम्हालाच गुदमरायला व्हायचं. पण खरा वेडेपणा वेगळाच. कागदावर जे दिसेल ते सगळं उतरायचंच. एकदा मूळ ड्रॉइंगवर मेलेला डास चिकटला होता. काकांनी तोही सहा पायांसकट काढला. आमचा वेल्डर कागद घेऊन धावत आला, "सेठ, ये कौन-सा पार्ट है? इसको कहाँ वेल्ड करना है?" मी काकांवर कडाडलो. ते शांतपणे म्हणाले, "ट्रेसरने डोकं नाय लावायचं, शेट. आज डास गाळला तर उद्या बोल्ट गाळंल."

नव्वदच्या आसपास मी फॅक्स घेतला. हार घातला, नारळ फोडला, शेजारच्या शेडवाल्यांना मुद्दाम पेढे वाटले. त्याआधी ड्रॉइंगमध्ये एक रेघ बदलली तरी मुंबईला माणूस पाठवायला लागायचा आणि दिवस जायचा. आता टेबलावर टर्रर्र झालं की साहेबाच्या हातचा कागद इथे हजर. सगळी वसाहत बघायला आली. काकांनी काय करावं? फॅक्समधून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदाचा एक तुकडा घेतला आणि शेडच्या पत्र्यावर दगड ठेवून टाकला. आठ दिवसांनी माझ्यापुढे धरला. त्यावर अक्षर म्हणून दिसत नव्हतं. "शेट, हा कागद विसरतो."

"विसरेल नाहीतर काय! तुम्ही त्याला सुक्या बोंबलासारखा वाळत घातलाय!"

त्या दिवसापासून काका आलेल्या प्रत्येक फॅक्सची ट्रेसिंग पेपरच्या एका वहीत हाताने नक्कल करायला लागले. मी डोक्यावर हात मारला. "मशीन काम वाचवायला आणलं, तुम्ही दुप्पट करताय!" काका "हां" म्हणायचे आणि शाईत निब बुडवायचे.

मग ती टाकी आली. एका केमिकल कारखान्यासाठी स्टेनलेस स्टीलची टाकी, माझं पहिलं मोठं काम. घर गहाण ठेवून मी शेड वाढवली होती. टाकी पूर्ण झाली, त्यांचे इंजिनिअर साहेब तपासायला आले, फेरी मारून थांबले आणि म्हणाले, "पाइप जोडायचं तोंड उजवीकडे कसं? ड्रॉइंगमध्ये डावीकडे आहे. आम्ही ही टाकी घेणार नाही."

"साहेब, तुम्हीच फॅक्स करून उजवीकडे करायला सांगितलंत!"

"दाखवा फॅक्स."

मी ताठ मानेने फाइल उघडली. पत्र्याखालच्या उकाड्यात सहा महिने पडलेला कागद कोरा करकरीत झाला होता. उलटून बघितलं, तिकडेही काही नाही. मी तो फाइलीत ठेवून परत काढला, जणू दुसऱ्या खेपेला अक्षरं उगवतील.

काका आपली वही घेऊन आले. साहेबांनी बघितलं आणि ढकलली. "हे काय कोणीही काढेल. आणि हा गोल कसला? आमच्या टाकीत असलं काही नाही."

"ते टाकीत नाय, साहेब," काका म्हणाले. "ते तुमच्या टेबलावर हाय. तुमी कागदावर चायचा ग्लास ठेवलेला."

साहेबांनी ढकललेली वही परत जवळ ओढली. त्यांनी बॅगेतली जाड फाइल काढली आणि पार तळाशी घडी घातलेला, त्यांच्याच हातचा मूळ कागद सापडला. त्यावर ग्लासाची तपकिरी कडी होती. त्यांनी काकांची नक्कल त्यावर ठेवून उजेडात धरली. कडीवर कडी बसली आणि पाइपच्या तोंडावर पाइपचं तोंड. साहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मीच विसरलो होतो. चहा मागवा."

टाकी गेली, घर वाचलं. मी काकांना म्हटलं, मागा काय हवं ते. त्यांनी काळ्या शाईची एक बाटली मागितली. आता या माणसाशी व्यवहार कसा करायचा? मी पालघरला जाऊन सहा बाटल्या आणल्या, आणि त्या दुकानदाराशी मात्र मनसोक्त भांडलो.

पुढे साध्या कागदावरचा फॅक्स आला. काकांनी त्याचाही तुकडा पत्र्यावर ठेवला. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, महिन्याने बघितला. अक्षरं जागच्या जागी होती. मागोमाग ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटरही आला. काकांनी टोपी घातली. "शेट, हा कागद नाय विसरत. माजं काम झालं."

मी वाट बघत राहिलो. एकदा नुसतं म्हणाले असते, "ठेवा मला", तर मी चार शब्द ऐकवून ठेवून घेतलं असतं. ते दारापर्यंत गेले. मी हाक मारायची ती वेळ होती. पण समोरच्याने काही मागितल्याशिवाय बोलायची मला सवयच नाही. ते चिंचणीच्या एसटीत बसले. तो राग माझा अजून आहे, आणि त्यातला किती त्यांच्यावर आणि किती माझ्यावर, हे मला ठरवता आलेलं नाही.

दोन महिन्यांनी मी त्यांना पत्र लिहायला बसलो. "परत या" हे दोन शब्द काही केल्या उतरेनात. शेवटी कोऱ्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला, उचलला, आणि तोच कागद पाकिटात घातला.

आठवड्याने उत्तर आलं. मजकूर नव्हता. माझ्या कडीची काळ्या शाईत ठिपक्या-ठिपक्यांनी केलेली हुबेहूब नक्कल होती, आणि तिच्या शेजारी दुसरी कडी होती, खऱ्या चहाची. तेवढ्यावरून मला कळलं की ग्लास भरून ठेवलाय, जायचं मलाच आहे.

रविवारी गेलो.