खलाशाची कादंबरी

मी शाळेत असताना, ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास, आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयात एक खलाशी यायचा. सुट्टीवर आला की तो एकच जाडजूड कादंबरी मागायचा आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायचा. दर वेळी कादंबरीआधी सुट्टीच संपायची. पुढच्या वर्षी तो पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायचा.

एका संध्याकाळी ग्रंथपालबाई कुलूप घेऊन उठल्या, तेव्हा तो म्हणाला, "बाई, उद्या बोटीवर जायचंय. थोडीच पानं ऱ्हायलीत."

बाईंनी कुलूप खाली ठेवलं. मीही थांबले.

अखेर पुस्तक मिटून तो उभा राहिला आणि ओरडला, "झाली!"

एरवी खोकल्यावरही डोळे वटारणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"शेवट काय झाला?" मी विचारलं.

"इतकी वर्षं मी खपलो नि तुला आयता सांगू?" पुस्तक माझ्या हातात देत तो हसला. "वाच की!"