बोनाची लेक ओरडत नाही

बोनाला चार लेकरं झाली, आणि चारही वेळा शेजारणींना कळलं ते बाळ रडल्यावरच. दार लावायचं, गुडघ्यांवर बसायचं, दातांत कापड धरायचं. दुसरी बाई आत यायची ती फक्त नाळ कापायला. निक्की गावाकडच्या बारिबा जमातीच्या बायकांत याला लढाई जिंकल्याचा मान. सासवा बोनाचं नाव घेऊन सुनांना टोमणे मारायच्या.

आज बंद दाराआड तिची धाकटी होती, न्याकी. पहिलटकरीण. बोना अंगणात उखळात कंद कांडत होती, पण कान दाराकडे.

तेवढ्यात फटफटी थांबली. दवाखान्यातली नर्स आफियावी. समुद्राकडची, तोंडाची फटकळ.

“मावशी, न्याकी कुठंय? दिवस भरलेत तिचे.”

“शेतावर गेलीय.”

“आणि या दिवसांत तुम्ही जाऊ दिलंत?”

“आमच्या पोरी काही मेणाच्या नाहीत.”

आफियावी हसली. तिच्या गावी म्हणे पहिली कळ आली की बायका दवाखान्याच्या ओट्यावर हजर, खाटेवरून भांडणं. इथे सरकार तेच, औषधं तीच, आणि रिकाम्या खाटांवर ती औषधांची खोकी ठेवते.

“तुमच्याकडच्या बायका ओरडतात फार,” बोना म्हणाली.

“ओरडतात म्हणून मला कळतं, मावशी. इथं मला बोलावतात ते सगळं आटोपल्यावर.”

बोनाने मुसळ जोरात हाणलं. आफियावीने एकवार बंद दाराकडे पाहिलं, मग किक मारली.

ती निघाली तसं बोनाने मुसळ थांबवलं. आतली शांतता तिच्या ओळखीची होती, तिनेच लेकीला शिकवलेली. तरी तिने दाराला कान लावला. या शांततेत श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

तिने दार ढकललं. न्याकी भिंतीला टेकून गुडघ्यांवर होती. दातांतलं कापड लाल झालेलं. खालची माती ओली. आणि बाळाचं डोकं नव्हे, एक निळसर पाऊल बाहेर आलेलं.

“कधीपासून?”

न्याकीने कापड काढलं. “पहाटेपासून. मी ओरडले नाही, आई.”

बोना अंगणात धावली आणि तिने हाक मारली. गळ्याला सवयच नव्हती. नुसती घरघर निघाली. फटफटीचा आवाज झाडांपलीकडे बारीक होत चालला होता. तिने पुन्हा हाक मारली, पोटातून. शेजारच्या अंगणांतली मुसळं एकेक करून थांबली.

मागून न्याकीचा आवाज आला, “हळू, आई. लोक ऐकतील.”

बोना ओरडतच राहिली. फटफटी अजून ऐकू येत होती, की तो नुसता कानांचा भास होता, ते तिला कळेना.